गुलाबी सीरमचा आकडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रक्ताच्या तपासणीवरून दुर्मिळ कॅन्सरचा पुढचा अंदाज बांधता येतो, अशा बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. खोट्या नसतात त्या. पण ते रक्त बल्बमध्ये, म्हणजे तपासणीच्या नळीत, कसं उतरतं, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. परळ-लालबागच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला टेक्निशियन म्हणून लिहितो आहे.

आमच्या मजल्यावरच्या आजोबांना मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे त्वचेत सुरू होणारा टी-पेशींचा लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) आहे. पाठीवरचे चट्टे गजकर्ण समजून मलमं चोळण्यात काही वर्षं गेली; गाठी आल्या तेव्हा कुठे बायोप्सी झाली. अशा पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी २०१५ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने चार धोके ठरवले: चौथी स्टेज, साठीपुढचं वय, मोठ्या पेशींमध्ये झालेलं रूपांतर आणि रक्तातलं वाढलेलं एलडीएच (पेशींच्या आत असणारं एक एन्झाइम). यांतला एखादाच असेल तर पाच वर्षं जगणारे ६८ टक्के, दोन असतील तर ४४. आजोबांचा वयाचा एक आधीच धरलेला.

परवा त्यांचं एलडीएच ठळक अक्षरांत, वाढलेलं आलं. नातू पीडीएफ घेऊन धावत माझ्याकडे. रक्त कसं घेतलं, विचारलं. शीर सापडत नव्हती, म्हणून बारीक सुई. सिरिंज जोरात ओढली, बल्बमध्ये दाबूनच रिकामी केली. लाल पेशींच्या आत एलडीएच सीरमपेक्षा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यापेक्षा, कैक पटींनी असतं. त्या फुटल्या की ते सगळं सीरममध्ये उतरतं आणि फिकट पिवळं सीरम गुलाबी होतं. सेंट्रिफ्यूजमधून (रक्त गरगर फिरवून सीरम वेगळं करणाऱ्या यंत्रातून) बल्ब काढणाऱ्याला हे दिसत नाही असं मला कोणी सांगू नये! रिपोर्टवर मात्र शेरा नाही. दुसऱ्या लॅबमध्ये नीट रक्त घेतलं, आकडा मर्यादेत आला.

कॅन्सरचे डॉक्टर एका आकड्यावर निर्णय घेत नाहीत, खरं आहे. पण रिपोर्ट आधी घरच्यांच्या मोबाइलवर येतो आणि बाकीचं गूगल सांगतं.

सीरम गुलाबी दिसलं तर तसा शेरा मारावा आणि रक्त पुन्हा फुकट घ्यावं, एवढंच मागणं आहे. मोठ्या लॅबची मशीन तर हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी किती फुटल्या ते, स्वतःच मोजतात. तो आकडा छापायला काय जातं?

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, लालबाग, मुंबई