साइटेशनचा आकडा छापताना एवढे तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास येते: अमुक महाविद्यालयातील प्राध्यापक ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’. सोबत सत्काराचे छायाचित्र आणि ‘शोधनिबंध १४०, साइटेशन ३,२००, एच-इंडेक्स २८’ अशा धाटणीचे आकडे. (साइटेशन म्हणजे नंतरच्या शोधनिबंधांत त्या लेखाचा दिलेला उल्लेख; एच-इंडेक्सबद्दल पुढे येईलच.) जैववैद्यकीय संशोधकांची वृत्तपत्राने दखल घ्यावी असे मला मनापासून वाटते. पण हे आकडे कुठून घेतले, कोणत्या तारखेला, त्यांत काय धरले आहे, याबद्दल बातमीत एक शब्दही नसतो. रक्तातील साखर छापायची आणि ती उपाशीपोटी मोजली की जेवणानंतर, हे सांगायचे नाही, असा तो प्रकार होतो.

एकाच व्यक्तीचे तीन ठिकाणचे आकडे तीन निघतात. गुगल स्कॉलर ही गुगलची शोधनिबंध शोधण्याची सेवा प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुले केलेले लेख), परिषदांची टिपणे, संकेतस्थळांवर टाकलेल्या पीडीएफ असे सगळे वेचते, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संदर्भसूच्या निवडलेल्या प्रकाशनांतलेच उल्लेख मोजतात, त्यामुळे तिथे तो घटतो. ‘पबमेडनुसार इतकी साइटेशन’ असेही छापून आलेले दिसते. पबमेड ही मुळात जैववैद्यकीय शोधनिबंध शोधण्याची सूची आहे, संशोधकाची साइटेशन मोजण्याचे साधन नव्हे. गुगल स्कॉलरवरचे प्रोफाइल संशोधक स्वतः सांभाळतो आणि त्यात कोणते लेख ठेवायचे हेही तोच ठरवतो. २०१० मध्ये फ्रान्समधील ग्रनोबलच्या सिरिल लाबे यांनी ‘आइक अँटकारे’ नावाचा काल्पनिक शास्त्रज्ञ उभा केला. यंत्राने रचलेले, परस्परांचे संदर्भ देणारे शंभरेक निरर्थक लेख संकेतस्थळावर ठेवले आणि गुगल स्कॉलरच्या आधारे त्याचा एच-इंडेक्स ९४ भरला.

आपल्याकडे त्याहून नित्याची अडचण नावांची आहे. ‘एस. पाटील’, ‘ए. जोशी’, ‘पी. कुलकर्णी’ या आद्याक्षरांचे लेखक जैववैद्यकीय सूच्यांत ढिगाने आहेत. संगणक त्यांचे लेख एका नावाखाली गोळा करतो, आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या खात्यावर वनस्पतिशास्त्राचे लेख चढतात. उलट बाजूने, लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन प्रोफाइलांत दुभंगते आणि दोन्हींचा एच-इंडेक्स खऱ्यापेक्षा कमी दिसतो. कुठे वडिलांचे नाव मधे येते, कुठे गळते, तिथेही हेच होते. ऑर्किड हा संशोधकांचा सोळा स्थानांचा ओळख-क्रमांक २०१२ पासून मोफत मिळतो. त्याच्याशी जोडलेली यादी समोर ठेवून प्रोफाइलमधले पहिले वीस-पंचवीस लेख जुळवून पाहिले, तरी मोठी चूक लगेच उघडी पडते.

एच-इंडेक्स म्हणजे काय हेही बातमीत धड सांगितले जात नाही. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. जितक्या लेखांना प्रत्येकी किमान तितकीच साइटेशन मिळाली, ती मोठ्यात मोठी संख्या म्हणजे एच-इंडेक्स. तो काढायला लेख साइटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा आकडे असे आहेत: २१०, ६४, ३१, १८, १२, ९, ७, ७, ५. सातव्या लेखाला ७ साइटेशन आहेत, आठव्यालाही ७ च आहेत, म्हणजे आठपेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ७. दहा किंवा जास्त साइटेशनचे लेख पाच, म्हणून गुगलचा आय-टेन इंडेक्स ५. आता पहिल्या लेखाला २१० ऐवजी २,१०० साइटेशन मिळाली तरी एच-इंडेक्स ७ च राहतो. एकच पण क्षेत्राची दिशा बदलणारा लेख लिहिणाऱ्यावर या मापाने अन्याय होतो. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढत जातो, निष्क्रिय झाल्याने उतरत नाही. म्हणूनच पहिल्या लेखापासून किती वर्षे झाली त्या संख्येने भागून पाहावे, असे खुद्द हिर्श यांनीच सुचवले होते. पस्तिशीतल्या संशोधिकेचा १४ आणि साठीतल्या विभागप्रमुखांचा २२ एका रांगेत छापू नयेत.

‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर ११०’ असा उल्लेख तर कृपया छापूच नये. इम्पॅक्ट फॅक्टर हे नियतकालिकाचे माप आहे: मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेले उल्लेख, भागिले त्या दोन वर्षांतील मोजणीयोग्य लेखांची संख्या. ही सरासरी काही मोजक्या गाजलेल्या लेखांमुळे वर जाते. त्याच नियतकालिकातला एखादा लेख कुणीच न उल्लेखलेला असू शकतो. अशा सरासऱ्यांची बेरीज करून व्यक्तीबद्दल काहीच कळत नाही. व्यक्तीचे मूल्यमापन या मापाने करू नये, हे आवाहन डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पेशीशास्त्रज्ञांच्या परिषदेत ठरले आणि पुढे हजारो संस्थांनी त्यावर सही केली.

आता ती दोन टक्क्यांची यादी. तिला सर्रास ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाचा बहुमान’ म्हटले जाते. ती स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपसच्या विदेवरून (डेटावरून) बनवलेली, एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीच्या भांडारात कुणालाही मोफत उतरवून घेता येणारी एक्सेल फाइल आहे. त्यात दोन स्वतंत्र याद्या असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षातल्या साइटेशनची. नाव दुसरीत आहे की पहिलीत, यात फार मोठा फरक आहे, आणि बातमीत नेमका तोच गळतो. यादीतले स्थान सहा घटकांच्या बेरजेवर ठरते: एकूण साइटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांची संख्या हिशेबात घेऊन दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, आणि एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने किंवा प्रथम लेखक म्हणून लिहिलेल्या, एकट्याने, प्रथम किंवा अखेरचा लेखक म्हणून लिहिलेल्या लेखांची साइटेशन. प्रत्येक घटकाची कमाल १, म्हणून बेरीज ६ च्या वर जात नाही. फाइलमध्ये पहिल्या व अखेरच्या लेखाचे वर्ष, उपशाखा, उपशाखेतला क्रमांक आणि स्वतःच स्वतःचे दिलेले उल्लेख किती टक्के, असे रकाने आहेत. मागे घेतलेल्या लेखांचा रकाना अलीकडच्या आवृत्त्यांत आला आहे. वार्ताहराने नाव शोधून एवढी ओळ आडवी वाचली, तरी बातमी कितीतरी खरी होईल. आपल्याच आधीच्या कामाचा संदर्भ देणे गैर नाही, सलग संशोधनात ते होणारच. पण जवळजवळ निम्मे उल्लेख घरचेच असतील, तर वाचकाला ते कळायला हवे.

लेखकांच्या यादीतले स्थानही पाहावे. जैववैद्यकात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे, अखेरचे प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे, आणि मधली नावे वाट्याच्या कामाची. जागतिक रोगभाराच्या अभ्यासासारख्या प्रकल्पांत शेकडो सहलेखक असतात आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील त्या लेखांना हजारो साइटेशन मिळतात. ती प्रत्येक सहलेखकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात. त्यांचे योगदान खोटे नसते, पण ‘आठ हजार साइटेशन’ असे वाचणाऱ्याचा समज भलताच होतो.

साइटेशन म्हणजे शाबासकीही नव्हे. प्रथिने मोजण्याची पद्धत सांगणारा ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा लेख तीन लाखांवर वेळा उल्लेखला गेला आहे, कारण प्रयोगशाळेत ती पद्धत रोज लागते. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा लेख मात्र, ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०१४ मध्ये मांडलेल्या सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या पहिल्या शंभरांत नव्हता. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा बारा मुलांवरचा १९९८ चा लेख लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला. त्यालाही भरपूर उल्लेख मिळाले, बहुतांश खोडून काढण्यासाठी.

याच्या दुसऱ्या टोकाला मुंबईचे डॉ. य. मो. भेंडे आहेत. त्यांनी देशपांडे, भाटिया आणि लंडनच्या सहकाऱ्यांसह १९५२ मध्ये लॅन्सेटमध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. या रक्तपेशींवर एच प्रतिजनच (पेशीवरची एक ओळखखूण) नसते, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत त्या ‘ओ’ भासतात. पण रक्तद्रवात एच-विरोधी प्रतिपिंडे असल्याने अशा रुग्णाला ‘ओ’ रक्तही चालत नाही, त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. आज जगभरच्या रक्तपेढ्यांत ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव रुळले आहे, आणि नेमके त्यामुळेच मूळ लेखाचा संदर्भ देण्याची गरज कुणाला वाटत नाही. पाठ्यपुस्तकाचा दाखला दिला जातो, किंवा काहीच नाही. शोध इतका मुरतो की शोधणारा दिसेनासा होतो. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने ही गोष्ट फार आधी दाखवली होती. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू गाळून काढलेला द्रवही सशाच्या बांधलेल्या आतड्यात पाणी साठवतो, म्हणजे जंतू विष सोडतो. साइटेशन सूचीचे जनक युजीन गारफिल्ड यांनी या कामाचे मोल १९८६ मध्ये लेख लिहून मांडले, तेव्हा डे यांना जाऊन वर्ष झाले होते. हयातीत देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नव्हते. ज्यांच्या कामामुळे पटकीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, त्यांची ही उपेक्षा आजही सलते.

विद्याशाखा न सांगता तुलना करणे हेही तितकेच चुकीचे. कर्करोगशास्त्रात लेख भराभर उल्लेखले जातात, शरीररचनाशास्त्रात किंवा न्यायवैद्यकात संथपणे. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे ‘आयसाइट’ हे मोफत साधन वापरता येते. पबमेडमधील लेखांचे क्रमांक त्यात टाकले की प्रत्येक लेखाचे सापेक्ष गुणोत्तर मिळते. १ म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षीच्या, त्या संस्थेच्या अनुदानातून निघालेल्या लेखांच्या मध्यावर. ताज्या वर्षांच्या लेखांसाठी मात्र हे गुणोत्तर डळमळीत असते, तिथे त्यावर विसंबू नये.

माझी विनंती आहे की अशा प्रत्येक बातमीखाली दोन ओळींची चौकट द्यावी: आकड्याचा स्रोत व तारीख, पहिल्या लेखाचे वर्ष, स्वतःचे उल्लेख वगळून साइटेशन, प्रथम वा अखेरचा लेखक म्हणून किती लेख, उपशाखा, आणि दोन टक्क्यांच्या यादीत नाव असल्यास यादी कोणती व कोणत्या वर्षाची. त्याखाली त्या संशोधकाच्या एका महत्त्वाच्या लेखात नेमके काय सापडले, हे चार वाक्यांत त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे. नाव आणि ऑर्किड क्रमांक हाताशी असेल, तर कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हे सारे तपासायला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.

आपला,
एक वैद्यकीय ग्रंथपाल, पुणे