मी अजून घरी का येत नाही

मुंबई, आषाढ वद्य

चि. ताई हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. आता गर्द सुटून तुम्ही बरे झाला आहात तर घरी का येत नाही, असे तू विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही, म्हणून माझा दिवस कसा जातो तेच सविस्तर लिहितो.

बेघरांच्या या निवाऱ्यात आम्ही चाळीस जण आहोत आणि नळ तीन आहेत, त्यामुळे मी पाचला उठतो. अंघोळ आटोपली की गादी गुंडाळतो, चादरीची घडी करून पेटीत ठेवतो आणि पेटीला कुलूप लावतो. कुलूप लागणारी पेटी तुला क्षुल्लक वाटेल, पण नऊ वर्षे मी पुलाखाली चपला उशाशी घेऊन झोपलो आहे आणि तरीही कितीदा तरी सकाळी अनवाणी उठलो आहे. माझे आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि तुझा पाचवीतला फोटो एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असे. एका पावसाळ्यात पहाटे फूटपाथ मोकळा करणारी गाडी आली आणि अंथरुणांबरोबर ती पिशवीही गेली. कागद गेले की बँकेत खाते उघडत नाही, सिम कार्ड मिळत नाही आणि भाड्याने खोली तर कोणी दाखवतसुद्धा नाही. आता निवाऱ्याच्या दाखल्यावर नवे कार्ड निघाले आहे. त्यावर छापलेला पत्ता मी पुन्हा पुन्हा वाचला. इतक्या वर्षांनी माझ्या नावाखाली कुठला तरी पत्ता होता.

नऊच्या आत मला औषधाच्या केंद्रावर पोचावे लागते. तेथील परिचारिका ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कुटून तिची पूड जिभेखाली ठेवायला देतात. ती विरघळेपर्यंत पाच-सात मिनिटे बोलायचे नाही, पाणी प्यायचे नाही, लाळही गिळायची नाही, आणि शेवटी तोंड उघडून दाखवायचे. आम्ही सगळे तेवढा वेळ भिंतीला टेकून गप्प बसलेले असतो. हे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे धरणे आहे, असे तुझ्या आईला वाटते हे तू लिहिले आहेस. तिची शंका रास्त आहे, म्हणून तिला नीट समजावून सांग. गर्दचा अंमल काही तासांत उतरतो आणि मग टर्की लागते : नाक-डोळे गळू लागतात, पोटात पिळे पडतात, हाडे आतून कोणी ठेचत असल्यासारखी दुखतात. त्या अवस्थेतला माणूस पुडीसाठी काहीही करतो, हे तिने पाहिलेच आहे. मेंदूत गर्द जेथे जाऊन बसते तेथेच ही गोळी जाऊन बसते, पण ती दिवसभर टिकते आणि माझ्या मात्रेत ती नशा न आणता टर्की लागू देत नाही. ती किती महिने किंवा वर्षे घ्यायची हे डॉक्टर ठरवतील; मी माझ्या मनाने सोडणार नाही.

औषधानंतरचा दिवस मात्र फार मोठा असतो. लग्नसराईत केटरिंगवाल्यांकडे भांडी घासण्याचे, वाढण्याचे काम मिळे. पावसाळ्यात ते जवळजवळ बंदच असते. नाक्यावर उभा राहतो, दहापर्यंत कोणी नेले नाही तर परत फिरतो. शहरांत लाख लोकवस्तीमागे निदान एक, तोही चोवीस तास उघडा निवारा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. त्यातल्या ‘चोवीस तास’ या शब्दांचे मोल मला आता कळते. याआधी मी जेथे राहत होतो तो निवारा सकाळी आठला बाहेर काढी आणि संध्याकाळी सातला आत घेई. मधले अकरा तास, खिशात थोडे पैसे आणि ओळखीचे सगळे रस्ते! तेथून मी दोनदा घसरलो. येथे पाऊस असला की दुपारी आत बसता येते. मी बाकीच्यांचे अर्ज लिहून देतो. माझे अक्षर तुला आवडत असे.

ओढ संपली आहे असे समजू नकोस. परवा चहाच्या टपरीवर शेजारच्या माणसाने काडी ओढली आणि सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी खाली टाकली. अशाच पन्नीवर मी गर्द ओढत असे. त्या गंधकाच्या वासाबरोबर माझ्या तोंडाला पाणी सुटले, तळहात ओले झाले आणि चहाचा पेला हातात धरवेना. मी पेला ठेवला, पैसे दिले आणि निवाऱ्यापर्यंत न थांबता चालत आलो. रोजी हातात आली की ती मी लगेच निवाऱ्याच्या काळजीवाहकांकडे जमा करतो आणि वहीत सही घेतो, तेही याच कारणाने. संध्याकाळी नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे नशा सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या, सभेला जातो. तेथे घडलेले सगळे सांगता येते, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी दचकत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू सातवीत असताना मी एका केंद्रातून महिनाभराने घरी आलो होतो, ते तुला आठवत असेल. तेव्हाही मी बराच होऊन आलो होतो. तुझ्या आईने पुरणपोळी केली होती. बाराव्या दिवशी मी तुझे चांदीचे पैंजण विकले. तू शेजारच्या मुलीवर आळ घेतलास, तिच्याशी बोलणे सोडलेस आणि मी ते समोर बसून पाहिले. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो. जमले तर त्या मुलीलाही खरे काय ते सांग.

दुसरे कारण सांगताना हात जड होतो. पुलाखाली माझ्या शेजारी झोपणारा एक जण तीन महिने उपचार घेऊन गावी गेला. घरी कोणाशी तरी वाद झाला, तो मुंबईला परतला आणि त्याने पूर्वीइतकेच गर्द ओढले. बंद केल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, तेवढी मात्रा त्याला झेपली नाही आणि पहाटे त्याचा श्वास थांबलेला होता. माझ्या बाबतीत असे काही व्हायचेच असेल तर ते तुझ्या डोळ्यांदेखत होऊ नये.

आज सात महिने आणि चार दिवस झाले. निदान वर्ष तरी मला येथेच काढू दे. त्यानंतर मी प्रथम स्वतःची भाड्याची जागा बघेन. तुमच्या घराचा उंबरा ओलांडायचा की नाही हे तुझ्या आईने ठरवायचे आहे, आणि तिने नको म्हटले तर तू तिच्याशी भांडू नयेस.

मला भेटायचेच असेल तर आईला विचारून ये. दर रविवारी चार वाजता मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर असतो. पाऊस असला तर छत्री घेऊन उभा असेन. येताना पैसे आणू नकोस, मी मागितले तरी देऊ नकोस. पाचवीतला तुझा तो फोटो घरी आणखी एखादा असेल तर मात्र आण.

तुझे,
बाबा