त्या पहाटे आमच्या आजींना हातांवर उतरवून आणणाऱ्या फायरमनला

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला अग्निशमन केंद्रावर कळलं. पण "काकू, नाव नका लिहू, आम्ही सहा जण आलो होतो," असं तुम्हीच म्हणालात, म्हणून लिहीत नाही. नौपाड्यातली जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, फेब्रुवारीतली पहाट. एवढी खूण तुम्हाला पुरेल.

पावणेतीनला जळक्या रबराचा वास आला. आमच्याकडे मीटरची पेटी जिन्याखालीच आहे, त्यामुळे धूर बाहेर न जाता धुराड्यातून चढावा तसा जिन्यातून वर येत होता. मी दार उघडलं, समोर काहीच दिसेना, आणि घाबरून ते दार तसंच उघडं टाकून आत पळाले. सगळं घर धुरानं भरलं ते माझ्या त्या एका चुकीमुळे. शेजाऱ्यांनी १०१ला फोन केला होता. बंब गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि तुम्ही खालून ओरडलात, "दार लावून घ्या! फटीला ओला टॉवेल लावा! आजींना घेऊन गॅलरीत या!" कुणीतरी काय करायचं ते सांगितलं, तेव्हा कुठे माझे हातपाय हलले.

खाली जमलेले लोक "पाणी मारा, पाणी मारा" म्हणत होते. तुम्ही मारलं नाहीत. महावितरणच्या माणसानं वीज तोडेपर्यंत आग विझवायच्या पावडरच्या नळकांड्यांवर भागवलंत. चालू विजेवर पाणी मारणं म्हणजे नळी धरणाऱ्याच्याच जिवाशी खेळ, हे त्या गर्दीत फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि लोकांच्या शिव्या ऐकूनही तुम्ही थांबलात.

मग तुम्ही वर आलात. सासूबाई ८७ वर्षांच्या, गुडघे कधीचेच गेलेले. तुमच्या पाठीवर बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं हवेचं नळकांडं होतं, म्हणून त्यांना पुढून दोन्ही हातांवर घेतलंत. "आजी, माझी मान घट्ट धरा, खाली बघू नका." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अंधारात तुमची नडगी एका सायकलवर आपटली. तुम्ही भिंतीवर खांदा टेकवून तोल सावरलात, पण आजींना कुठे खरचटूही दिलं नाहीत. त्यांना खाली खुर्चीवर बसवल्यावर तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "ती सायकल कुणाची?"

त्या पहाटे मी उत्तर दिलं नाही. आज देते. ती सायकल माझ्या मुलाची होती. शाळा संपल्यापासून तिथेच पडून होती.

पुढच्या आठवड्यात मी पाकीट घेऊन केंद्रावर आले. तुम्ही ते हातात घेतलं नाहीत. म्हटलं, पैसे नाहीत तर नाहीत, एखादी वस्तू तरी द्यावी. भाची म्हणाली, फायरमनसाठी खास भेटवस्तू ऑनलाइन मिळतात. दोन संध्याकाळी आम्ही तेच बघत बसलो होतो. आठ टोकांचा माल्टीज क्रॉस छापलेले मग, ठिपक्याठिपक्यांच्या डाल्मेशियन कुत्र्याच्या किचेन, पितळी हेल्मेटच्या छोट्या प्रतिकृती. प्रत्येक वस्तूमागची गोष्ट वाचत गेले. तो क्रॉस माल्टाच्या धर्मयोद्ध्यांचा, आगीत होरपळणाऱ्या साथीदारांना त्यांनी वाचवलं अशी आख्यायिका आहे. कुत्रा त्या काळचा, जेव्हा बंब घोडे ओढत आणि हा शेजारून पळत वाट मोकळी करत असे. हेल्मेट मला फार आवडलं होतं. लंडनचे अग्निशमन प्रमुख मॅसी शॉ पॅरिसला गेले, तिथली हेल्मेटं पाहून आले आणि १८६०च्या दशकात त्यांनी तसलीच पितळी हेल्मेटं आपल्या माणसांच्या डोक्यावर चढवली. ऑर्डर देणारच होते. मग वाचलं की घरोघरी वीज आल्यावर ती टाकून द्यावी लागली, कारण पितळेतून वीज वाहते. मीटरच्या आगीत आमच्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला मी पितळी हेल्मेट कसं द्यावं?

लाल-निळ्या फितीपाशीही थांबले. लाल म्हणजे आग, निळा म्हणजे पाणी. १९९८च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या लिंटनजवळ वणवा विझवताना पाच स्वयंसेवक जवान गेले, त्यांच्या आठवणीतून ४ मे हा फायरमनचा जागतिक दिवस सुरू झाला, ही फीत त्याच दिवसाची. त्यांना माझा मनापासून नमस्कार. पण हे सगळं वाचताना सारखं वाटत होतं, आपल्याकडचं काय?

ते मला सासूबाईंनी सांगितलं. १४ एप्रिल १९४४ला त्या सहा वर्षांच्या होत्या, गिरगावात चाळीत राहायच्या. दुपारी चारच्या सुमारास फडताळातली भांडी खाली आली आणि त्यांच्या आईनं त्यांना पदराखाली घेतलं, एवढंच त्यांना आठवतं. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा, दोन्ही एकाच जहाजात. आधी कापूस धुमसायला लागला. बंबवाले आले, आत पाणी सोडत राहिले, जहाजावर आणि धक्क्यावर उभे राहून. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मुंबई अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. १४ एप्रिल हा तुमचा अग्निशमन सेवा दिन झाला तो त्यांच्यामुळे. आणि ही जुनी गोष्ट म्हणून मिटवूनही टाकता येत नाही. काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग २०१५च्या मे महिन्यातली. तिथे तर चार अधिकारी गेले, हुकूम देणारी माणसं, स्वतः पुढे होऊन.

मी ठाण्यात एकतीस वर्षं राहते. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक बघायला दरवर्षी जाते. त्या मिरवणुकीच्या कडेला तुमचा बंब उभा असतो, हेही दरवर्षी बघितलंय. त्याच दिवशी तुम्ही सकाळी आपल्या माणसांना मानवंदना देऊन आलेले असता, हे मला माहीत नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून भेट विकत घेतली नाही. मागच्या दोन रविवारी आम्ही जिना रिकामा केला. अकरा चपलांची कपाटं, चार सायकली, एक मोडका कूलर, आणि चौथ्या मजल्यावरची ती लोखंडी खाट, जिच्यावरून पाच वर्षं भांडणं चालली होती. खाटेच्या मालकांना मी तुमची नडगी आपटल्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी खाट हलली होती. मीटरच्या पेटीची वायरिंग पूर्ण बदलली, तिच्यासमोर आता काहीही ठेवू देत नाही. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. आमच्याकडे यंत्रणा म्हणजे मुदत संपलेली दोन नळकांडी होती. ती बदलली, आणि कमिटीत ते काम मी माझ्याकडे घेतलं. गल्लीतल्या गाड्या एकाच बाजूला लावायचं ठरलंय. ते अजून सगळे पाळत नाहीत, पण मी रोज रात्री खाली उतरून बघते.

१४ एप्रिलला सकाळी सासूबाईंना रिक्षानं घेऊन केंद्रावर येतेय. मानवंदनेच्या वेळी मागे उभं राहायला परवानगी असेल तर उभ्या राहू. तो छोटा ध्वज छातीवर टाचतात ना, तो त्यांना हवाय. त्या आत्तापासून विचारतायत, "त्या मुलाला बेसनाचे लाडू चालतील का गं?" मी मोठा डबा भरतेय, पाळीवर असलेल्या सगळ्यांना पुरेल एवढा. तेवढ्यात वर्दी आली तर आमच्यासाठी थांबू नका. डबा टेबलावर ठेवून जाऊ.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची काकू
नौपाडा, ठाणे