अतिचंचल मुलांसाठी बालवाडीतच प्रयत्न हवेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बालवाडीतले एखादे मूल क्षणभरही एका जागी बसत नाही, गोष्ट चालू असताना उठून पळते, आपली पाळी येण्याआधीच दुसऱ्याच्या हातातली वस्तू ओढून घेते आणि सांगितलेले अर्धेच ऐकून निघून जाते. अशा मुलाच्या पालकांना आपल्याकडे साधारणपणे दोनच उत्तरे मिळतात. घरची वडीलधारी माणसे म्हणतात, ‘लहान आहे, मोठा झाला की आपोआप शांत होईल.’ शाळेकडून सुचवले जाते, ‘याला दुसरीकडे घालून बघा.’ फोंडा तालुक्यात बालवाडी शिक्षिका म्हणून अनेक वर्षे काम करताना ही दोन्ही उत्तरे मी पुष्कळ वेळा ऐकली आहेत आणि दोन्हींमुळे तीन ते सहा वर्षांमधला, सर्वांत जास्त उपयोगाचा काळ हातचा जातो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. या वयात लक्ष देणे, थांबणे आणि स्वतःला आवरणे शिकवता येते, ते खेळातून शिकवता येते आणि त्यासाठी मुलाच्या कपाळावर कोणत्याही आजाराचा शिक्का मारण्याची गरज नसते, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांनी ओळखली जाणारी अवस्था, ही लाडांमुळे किंवा आईच्या दुर्लक्षामुळे निर्माण होत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता शालेय वयातल्या सुमारे 5 टक्के मुलांत ती आढळते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, इतर मुलांमध्ये मेंदूचे बाह्यावरण साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास सर्वाधिक जाडीला पोहोचते, तर या मुलांमध्ये ते साडेदहाच्या सुमारास पोहोचते आणि हा उशीर लक्ष व नियंत्रण यांच्याशी संबंधित असलेल्या पुढच्या भागात सर्वाधिक असतो. वाढीचा क्रम तोच असतो, ती उशिरा होते. त्यामुळे चार वर्षांच्या अशा मुलाकडून ‘वयाला शोभेल’ इतक्या संयमाची अपेक्षा ठेवणे आणि तो दिसला नाही म्हणून त्याला कोपऱ्यात उभे करणे हा निव्वळ अन्याय आहे.

तीन-चार वर्षांचे प्रत्येक वळवळे मूल एडीएचडीचे नसते, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. या वयात चंचलपणा स्वाभाविकच असतो आणि त्यातली बरीच मुले पुढे खरोखरच स्थिरावतात. म्हणून या टप्प्यावर निदानाची घाई न करता ‘या मुलाला जोखीम आहे का’ एवढेच पाहावे. त्याची अडचण घरी आणि बालवाडीत, अशा दोन्ही ठिकाणी दिसते का, ती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून आहे का, त्याच महिन्यांत जन्मलेल्या इतर मुलांच्या तुलनेत ती ठळक आहे का आणि त्यामुळे मुलाचे खेळणे, मैत्री किंवा सुरक्षितता धोक्यात येते का, या बाबी तपासाव्यात. जन्माच्या महिन्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, शाळाप्रवेशासाठी 1 सप्टेंबर ही वयाची मर्यादा असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांमध्ये एडीएचडीचे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा 34 टक्क्यांनी अधिक आढळले. वर्गातले सर्वांत धाकटे मूल सर्वांत अस्थिर वाटणारच. आपल्याकडे तिसरे वर्ष पूर्ण होते न होते तोच मुलांना केजीत बसवण्याची जी चढाओढ चालते, तिच्याकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे आणि तो मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. घरी कोंकणी किंवा मराठी बोलणारे मूल इंग्रजी पूर्वप्राथमिकात जाते आणि तिथे दिवसाचे कित्येक तास त्याला न कळणाऱ्या सूचना ऐकते. बाई ‘सिट डाऊन, ओपन युअर बुक’ म्हणतात, इतर मुले काय करतात ते पाहून हे मूल उशिरा हलते, किंवा कंटाळून उठते आणि फिरू लागते. वहीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो. लक्ष देण्यासाठी आधी समजावे लागते. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी ‘अस्थिर’ मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत गोष्ट सांगितली की ती शेवटपर्यंत बसत असत. म्हणून संशय आल्यावर पहिली परीक्षा भाषेची घ्यावी. त्यानंतर कान, डोळे, झोप, घशातल्या वाढलेल्या गाठींमुळे (टॉन्सिलमुळे) रात्री श्वास अडकणे, रक्तातील लोहाची कमतरता आणि घरातील ताणतणाव यांची चौकशी बालरोगतज्ज्ञांच्या मदतीने करावी.

हे सारे पाहूनही अडचण उरते, तेव्हा काय करता येते? न्यूयॉर्कमध्ये जेफ्री हाल्परिन आणि न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात डायोनी हीली या मानसशास्त्रज्ञांनी, पालकांनी मुलांबरोबर रोज खेळायच्या खेळांवर आधारलेले कार्यक्रम तयार केले आहेत. त्यांतले खेळ पाहिले तर आपल्याला ते अनोळखी वाटणार नाहीत. संगीत थांबताच पुतळ्यासारखे उभे राहणे, सांगितलेल्याच्या नेमके उलट करणे, पत्ते किंवा ठोकळ्यांच्या जागा लक्षात ठेवणे, न सांडता पाणी नेणे, अंग आवळून मग सैल सोडणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे असे त्यांचे स्वरूप आहे. आपल्या अंगणात ‘स्टॅच्यू’ आहे, लिंबू-चमचा आहे, संगीत खुर्ची आहे, ‘शिवाजी म्हणतो’ आहे. या शेवटच्या खेळात ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ असे म्हटले तरच हात वर करायचा आणि नुसते ‘हात वर’ म्हटले तर हलायचे नाही. वरवर साधा वाटणारा हा नियम मुलाकडून तीन कामे एकदम करवून घेतो: ऐकणे, नियम लक्षात ठेवणे आणि हात वर जायला निघालेला असताना तो रोखणे. चंचल मुलाला नेमकी तिसरी गोष्ट जमत नाही आणि नेमकी तीच इथे हसतखेळत पुन्हा पुन्हा करून घेतली जाते. चवथीच्या दिवसांत आरतीला घुमट-शामेळाचा ठेका धरणाऱ्या मोठ्यांच्या शेजारी पाच वर्षांचे पोर टाळ्यांची लय सांभाळत उभे असते, त्यालाही तोच सराव घडत असतो.

मग असे खेळ तर मुले खेळतातच, त्यात वेगळे काय, असे कोणी विचारील. फरक मांडणीत आहे. गर्दीच्या खेळात चंचल मूल पहिल्याच फेरीत बाद होते आणि कडेला बसून राहते. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी सराव येतो. म्हणून या पद्धतीत कोणालाही बाद करायचे नसते. पुतळा होऊन उभे राहण्याची सुरुवात दोन सेकंदांपासून करायची, ते जमले की पाच, मग दहा, मग एका पायावर, मग समोर कोणी हसवत असताना. मूल बहुतेक वेळा यशस्वी होईल इतपतच कठीण पायरी ठेवायची आणि जमले त्या क्षणी नेमके काय जमले ते बोलून दाखवायचे: ‘शाबास, पळावेसे वाटत असूनही तू थांबलास.’ रोज अर्धा तास मिळाला तरी पुरे. मात्र तो रोज मिळायला हवा आणि आई, वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी स्वतः खेळायला हवे. खेळात कमावलेले थांबणे जेवणाच्या पंक्तीत, दुकानाच्या रांगेत आणि रस्ता ओलांडताना वापरायला त्यांनीच शिकवायचे असते, कारण ते आपोआप तिकडे वळत नाही.

न्यूझीलंडमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असा खेळ-कार्यक्रम आणि पालकांना वर्तन हाताळायला शिकवणारा प्रस्थापित कार्यक्रम यांची तुलना करण्यात आली, तेव्हा दोन्ही गटांतील मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली. पालक-प्रशिक्षणाचे महत्त्व तर आता सर्वमान्य आहे. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2018 मध्ये आणि अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार शाळापूर्व वयात पहिला उपाय पालक-प्रशिक्षणाचा आहे. औषधाचा विचार नंतरचा. या वयात औषधाचा परिणाम मोठ्या मुलांपेक्षा कमी आणि त्रास अधिक होतो, हे अमेरिकेतील 2006 च्या चाचणीत दिसले होते. प्रशिक्षणात पालक जे शिकतात ते साधे, पण थकलेल्या माणसाला कठीण असते. मुलाच्या उंचीवर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून एका वेळी एकच सूचना द्यावी. दिवसाचा क्रम ठरलेला असावा. चांगले वागणे दिसताच कौतुक करावे. किरकोळ खोडी सोडून द्यावी. आणि मारू नये, कारण माराने मूल क्षणभर घाबरते, थांबायला शिकत नाही.

या उपायांच्या मर्यादाही वाचकांसमोर असायला हव्यात. मूल कोणत्या गटात आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशा निरीक्षकांच्या नोंदींवरून पाहिले तर एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर पालक-प्रशिक्षणाचा परिणाम पालकांना जाणवतो त्यापेक्षा बराच कमी भरतो. पालकांची वागणूक आणि मुलाचा हट्ट, आक्रस्ताळेपणा यांत मात्र होणारी सुधारणा अशा नोंदींतही टिकून राहते. माझ्या दृष्टीने तीही लहान गोष्ट नाही, कारण अशा घरांत दिवसभर चालणारी ओरड थांबणे हीच मुलाच्या वाढीची पहिली गरज असते. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या संगणकीय सरावांची गोष्ट वेगळी. मूल त्या सरावात पटाईत होते, पण वर्गातल्या लक्षावर किंवा अभ्यासावर त्याचा टिकाऊ परिणाम झाल्याचे आढळत नाही, असे त्यांच्या आढाव्यांतून दिसले आहे. तेव्हा ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून मोबाइलवरचे ॲप विकत घेण्यापूर्वी पालकांनी विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान तीन तास हालचाल, दहा ते तेरा तास झोप आणि पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास असे सांगितले आहे. हे पाळणे कोणत्याही ॲपपेक्षा स्वस्त आहे.

आता गोव्यासंबंधी. भारतातील दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मेंदू व मज्जासंस्थेच्या विकासातील अडचणींचा जो मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या पाच ठिकाणांपैकी उत्तर गोवा हे एक होते. त्यात एडीएचडीची तपासणी सहा ते नऊ या वयोगटापुरतीच होती, जी निदानाच्या दृष्टीने योग्यच म्हणावी लागेल. पण सहा वर्षांच्या आत जोखीम ओळखून मदत करण्याचे काम त्यामुळे कोणाचेच राहत नाही. खरे तर 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे आणि अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूदही त्यात आहे. पण उंची, वजन, दात, डोळे पाहून पथक निघून गेले, तर मुलाचे लक्ष आणि संयम कोण पाहणार? ते दररोज सेविकेलाच दिसते. तिला काय पाहायचे, पालकांशी कोणत्या शब्दांत बोलायचे आणि कोणते खेळ कसे वाढवत न्यायचे, हे शिकवले पाहिजे.

सेविकांना हे झेपेल का, ही शंका घेणाऱ्यांना गोव्यातलाच अनुभव सांगता येईल. 1996 मध्ये इथे स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी, तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण व देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांकडून नैराश्यावरील उपचार गोव्याच्या सरकारी आरोग्य केंद्रांत यशस्वीपणे राबवून दाखवले. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांसाठी अशाच कार्यकर्त्यांनी चालवलेल्या कार्यक्रमाची चाचणी गोवा आणि रावळपिंडी येथे झाली आणि 2016 मध्ये तिचे निष्कर्ष जगाने वाचले. पालकांचा मुलाशी होणारा संवाद त्यातून सुधारला होता. जे स्वमग्नतेच्या बाबतीत आपल्या भूमीत करून पाहिले गेले, ते अतिचंचल मुलांसाठी का करून पाहू नये? केंद्र सरकारने 2024 मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा खेळावर आधारलेला अभ्यासक्रम दिलेला आहेच. त्याच चौकटीत थांबण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे खेळ पायरीपायरीने बसवता येतील. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की महागडी साधने लागत नाहीत.

खासगी केजी वर्गांचा प्रश्न अधिक बिकट आहे. अंगणवाडीच्या तपासणीत ही मुले येत नाहीत, अनेक ठिकाणी एका शिक्षिकेच्या हाती मुले फार असतात आणि त्यांना तासन्‌तास बाकावर बसवून अक्षरे गिरवून घेतली जातात. चार वर्षांच्या कोणत्याही मुलाला हे जड जाते. जोखमीच्या मुलाला तर ते अशक्यच असते. अशा मुलाला काढून नेण्यास पालकांना सुचवणे बंद झाले पाहिजे आणि त्यासाठी शिक्षण खात्याने पूर्वप्राथमिक वर्गांना स्पष्ट सूचना द्यायला हवी.

माझी शासनाला विनंती अशी की, महिला व बालविकास, शिक्षण आणि आरोग्य या तिन्ही खात्यांनी एकत्र बसून निदान एका तालुक्यात येत्या शैक्षणिक वर्षापासून हा प्रयोग करावा: सेविका व केजी शिक्षिका यांचे कोंकणी-मराठीतून प्रशिक्षण, पालकांचे छोटे गट, आणि सहा महिन्यांनंतरही ज्यांची अडचण कायम आहे अशा मुलांना बालविकास तज्ज्ञांकडे पाठवण्याची ठरलेली वाट. पालकांच्या गटांच्या बैठका संध्याकाळी किंवा रविवारी ठेवाव्यात, म्हणजे वडिलांनाही येता येईल. आजवर अशा बैठकांना बहुतेक आयाच एकट्या येत आल्या आहेत. प्रयोगाचे निष्कर्ष, चांगले असोत वा वाईट, जाहीर करावेत. आपल्या दैनिकानेही या विषयावर गोव्यातील बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि अंगणवाडी सेविका यांना लिहिते करावे, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
फोंडा, गोवा