निर्यातीच्या गप्पा आणि रात्रपाळीतला रस

महोदय,

कोल्हापूरच्या फाउंड्री (धातूच्या ओतकामाच्या) उद्योगाने आता परदेशी बाजारपेठ काबीज करावी, असे आवाहन अलीकडे औद्योगिक मेळाव्यांत वारंवार होते. तेलइंजिनांच्या सुट्या भागांपासून सुरुवात करून उद्यमनगरातून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत पसरलेल्या या उद्योगाची तेवढी कुवत निश्चितच आहे. मात्र प्रदर्शने, अनुदाने आणि नवे ग्राहक यांवर भरभरून बोलणारे वक्ते रिजेक्शनचा, म्हणजे ग्राहकाने नाकारलेल्या मालाचा, विषय सहसा काढत नाहीत.

एसजी आयर्नचेच, म्हणजे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या चिवट ओतीव लोखंडाचेच पाहा. मॅग्नेशियमची प्रक्रिया केलेला रस (वितळलेले लोखंड) साधारण दहा मिनिटांत साच्यात पडला नाही, तर मॅग्नेशियमचा प्रभाव उतरू लागतो, ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि ताकद घटते. बाहेरून मात्र ते कास्टिंग (ओतीव भाग) निर्दोष दिसते. म्हणूनच लॅडलमधील (रस ओतायच्या भांड्यातील) शेवटच्या रसाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा असतो. परंतु रात्रीची वीज स्वस्त पडत असे म्हणून अनेकांनी वर्षानुवर्षे रस रात्री काढला आणि तपासणारा माणूस दिवसपाळीत ठेवला. सकाळी अहवाल येईपर्यंत संशयित माल फेटलिंग (घासून साफसफाई) होऊन चांगल्या मालात मिसळलेला असतो आणि हीट नंबर (कोणत्या वेळच्या रसातून माल ओतला हे सांगणारा क्रमांक) पुसट उमटला असेल, तर तो निवडूनही काढता येत नाही. (रजिस्टरातील नोंदी ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी एकाच हस्ताक्षरात पूर्ण होतात, हेही या धंद्यात कोणाला नवे नाही.)

पुण्याच्या ग्राहकाने नाकारलेला माल दुसऱ्या दिवशी दारात येतो. जर्मनीतील ग्राहकाला मशीनिंग करताना दोष सापडतो, तेव्हा पुढचे कंटेनर समुद्रात असतात. तेथील मजुरीच्या दराने सगळा माल निवडावा लागतो आणि त्याची डेबिट नोट, म्हणजे बिलातून वजावटीची चिठ्ठी, कारखानदाराच्या माथी बसते. नाकारलेले लोखंड पुन्हा भट्टीत जाते हे खरे, पण ते वितळवण्यासाठी टनामागे जळालेली पाचशे-सहाशे युनिट वीज परत मिळत नाही.

लहान कारखान्याला प्रत्येक पाळीत धातुतज्ज्ञ ठेवणे परवडत नाही. त्यामुळे शासनाने आणि उद्योजक संघटनांनी परदेश दौऱ्यांवरील खर्चाचा काही भाग तरी रात्रभर चालणाऱ्या सामाईक तपासणी केंद्रांकडे वळवावा. तसेच लहान फाउंड्र्यांकडून माल करून घेणाऱ्या मोठ्या निर्यातदारांनी किलोमागचा दर ठरवताना या तपासणीचा खर्च त्यात वेगळा धरावा.

– एक वाचक, कोल्हापूर