गायरान पडीक नव्हतं साहेब

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडच्या गायरानावर सोलर प्रकल्प होतोय, त्याच्या तुमच्या बातमीत गायरानाला 'पडीक जमीन' लिहिलंय, ते वाचून मोबाईलवर टाईप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी साक्री तालुक्यातला ठेलारी, म्हणजे भटका मेंढपाळ. दीडशे मेंढरं आहेत. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून नवापूरकडून गुजरातेत उतरतो, पावसाच्या तोंडाला परत. तेव्हा सगळ्या शिवारात पेरणी झालेली असते, पाय ठेवायला जागा नाही, उरतं ते गायरान. यंदा आलो तर त्याला तारेचं कुंपण. पुढची मेंढी जुन्या वाटेनं गेली आणि तारेला नाक लावून उभी राहिली, मागं सगळा कळप तसाच, हाकलला तरी हलेना.

शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळायलाच पाहिजे, माझ्या भावाची पण कपाशी आहे, रात्री मोटर चालू करायला जाताना बिबट्याची धास्ती असते. त्यासाठीच्या सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत ग्रामपंचायतीला 3 वर्षं दरसाल 5 लाख मिळतात, तेही मिळू द्या. पण ग्रामसभेत कोणी विचारलं का इथं चरतं कोण? आम्ही तेव्हा गुजरातेत!

सरकार पावसाळ्याचे 4 महिने चराई अनुदान देतं, महिन्याला 6,000. दीडशे मेंढरांना दिवसाला 200 रुपये, म्हणजे मेंढीमागं दीड रुपया पण पडत नाही, चहा पण येत नाही त्यात. आणि हेच शेतकरी कापूस निघाला की फोन करतात, 'भाऊ, आमच्या वावरात दोन रात्री वाडा बसव'. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढरं रात्री वावरात बसवली की लेंडीखत आयतं पडतं, युरियाची गोणी वाचते. मग शाश्वत विकास अजून वेगळा काय असतो?

2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क लिहिलाय, 2026 हे वर्ष युनोनं चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. कागदावर आम्ही आहोत, ठरावात नाही.

गायरान द्यायचा ठराव घ्यायचा तर आम्ही गावात असतो तेव्हा, पावसाळ्यात घ्या. आणि सोलरच्या कुंपणातून पाझर तलावाकडे जायला निदान मेंढरापुरती वाट सोडा, आत्ता पाण्यासाठी डांबरी रोडनं लांबचा फेरा पडतो आणि कोकरं ट्रकखाली येतात.

– एक मेंढपाळ, ता. साक्री, जि. धुळे