रविवारच्या पुरवणीत एकदा आमच्या मंगळवारचं जेवणही छापा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली बारा-तेरा वर्षं तुमचा पेपर आमच्याकडे येतो. आधी सासरे वाचायचे, आता मी वाचते, ते पण रात्री भांडी आवरून झाल्यावर. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय पुरवणीतल्या रेसिपीचा आहे. मागच्या एका रविवारी 'झटपट डिनर' म्हणून पनीरचा एक पदार्थ आला होता. फोटो बघून माझ्या मुलीने लगेच विचारलं, आई करूया का, म्हणून मी कागद घेऊन हिशेब मांडला. पाव किलो पनीर शंभर रुपये, क्रीमचं पाकीट सत्तर, लाल-पिवळी ढोबळी मिरची साठ, काजू पन्नास, म्हणजे पावणेतीनशेच्या पुढे गेलं आणि त्यात पोळी-भात धरलेलाच नाही. आमच्या घरात पाच माणसं आहेत आणि रोजच्या रात्रीच्या जेवणाला मी शंभर रुपये धरते. म्हणजे ती एक रेसिपी करायची तर पावणेतीन दिवसांचं जेवण एका रात्रीत जातं. मुलीला मी नाही म्हटलं नाही, वाढदिवसाला करू म्हटलं. पण तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

आमच्यासारखी घरं तुमच्या वाचकांत भरपूर असणार, त्यांच्यासाठी सोमवार ते शुक्रवारचं साधं रात्रीचं जेवण, खर्चासकट, तुम्ही छापावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते म्हणजे लक्षात येईल. आम्ही हडपसरला भाड्याने राहतो. हे कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, आठवड्याला शिफ्ट बदलते. मी एका दुकानात हिशेबाचं काम करते, सात वाजता सुटते, घरी पोचायला साडेसात. दोन मुलं, एक आठवीत एक पाचवीत, आणि सासूबाई. किराणा, भाजी, दूध, अंडी सगळं मिळून महिन्याला साडेनऊ हजारांत बसवायचं, त्यातले सतराशे-अठराशे रोजच्या एक लिटर दुधातच जातात. आमचं रेशनकार्ड पांढरं आहे. वर्षाला १ लाखाच्या वर उत्पन्न गेलं की कार्ड पांढरं, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार कमावणारा आणि दोन लाख कमावणारा दोघं एकाच रंगात. अन्नसुरक्षेचं ५ किलो धान्य ज्यांना मिळतं त्यांना ते मिळायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण शहरात त्यासाठी वर्षाला ५९ हजारांची मर्यादा आहे, आणि त्याच्या वर पण पुरवणीतल्या स्वयंपाकघराच्या खूप खाली असा एक मोठा वर्ग आहे, त्याची कोणी विचारपूस करत नाही.

आता मला जे अनुभवातून कळलं ते सांगते. पैसे किराण्यात जात नाहीत, पैसे संध्याकाळी साडेसातला जातात. दमून घरात शिरायचं, मुलं भुकेली, सासूबाई विचारतात आज काय करायचं, आणि आपल्याला काहीच सुचत नाही, डाळ भिजवलेली नसते, फ्रीजमध्ये अर्धी कोबी आणि सुकलेली मिरची. मग हे म्हणतात जाऊदे आज पार्सल आणतो. दोन वर्षांपूर्वी मी एका महिन्याचं लिहून ठेवलं होतं, तीन वेळा पार्सल आलं आणि अकराशे रुपये गेले. अकराशे म्हणजे माझ्या हिशेबाने अकरा रात्रीचं जेवण. त्या महिन्याच्या शेवटी मुलांची अंडी बंद करावी लागली, आणि ते मला फार लागलं.

तेव्हापासून रविवारी सकाळी कॅलेंडरवर, जिथे दुधाचा खाडा लिहितो त्याच चौकोनात, पाच रात्रींचं जेवण लिहून ठेवते. एवढंच. पण लिहिलेलं असलं की बाकी सगळं मागोमाग येतं, काय कधी भिजवायचं ते कळतं आणि बाजारात काय घ्यायचं नाही ते तर नक्कीच कळतं.

मटकीचं सांगते. शनिवारी रात्री पाव किलो मटकी भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, सोमवार संध्याकाळपर्यंत छान लांब मोड येतात. पस्तीस रुपयांची मटकी दुपटीपेक्षा जास्त होते. सोमवारी निम्म्याची उसळ आणि भाकरी, उरलेली निम्मी फ्रीजमध्ये, ती बुधवारी पातळ रश्श्यात घालून वर कांदा आणि थोडं फरसाण, मुलं मिसळ म्हणून आवडीने खातात. फडकं बांधायचं काम आता आमचा मुलगा करतो, रोज उघडून बघतो मोड किती आले ते, ओलं फडकं वाळलं तर स्वतःच पाणी शिंपडतो.

पिठलं-भाकरीचा पूर्ण हिशेब देते कारण माझं म्हणणं असंच छापा असं आहे. बेसन दोन वाट्या म्हणजे साधारण २०० ग्रॅम, वीस रुपये. दहा भाकऱ्यांना पाऊण किलो ज्वारी, दळणासकट पंचेचाळीस. कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर पंधरा आणि तेल तीन चमचे, पाच-सहा रुपये. झाले पंच्याऐंशी, पाच माणसं पोटभर. उरलेल्या पंधरात काकडी येते. आणि वेळ? पिठलं पंधरा मिनिटं, भाकऱ्यांना अर्धा तास. माझ्या भाकऱ्या होईपर्यंत पिठलं आता मुलगी करते.

चकोल्या, काही जण वरणफळं म्हणतात, हा तर आमचा मंगळवारचा ठरलेला पदार्थ. एक वाटी तुरीची डाळ शिजवून गोडा मसाला, आमसूल, गूळ घालून पातळ आमटी उकळत ठेवायची, सकाळच्या डब्याची कणीक थोडी जास्त मळून ठेवलेली असते, तिची मोठी पातळ पोळी लाटून सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि उकळत्या आमटीत एक-एक सोडायचे. एकदम टाकले तर गोळा होतो, माझा सुरुवातीला दोनदा झालाय. झाकण ठेवून दहा मिनिटं, वरून चमचाभर तूप. वेगळी भाजी नको, वेगळी पोळी नको, एकाच पातेल्यात जेवण, साठ-पासष्ट रुपये. सासूबाईंच्या दातांनाही चालतं. हा पदार्थ कुठल्या पुरवणीत 'झटपट' म्हणून आलेला मी तरी बघितला नाही.

मुलांच्या प्रोटीनची काळजी मलाही आहे. पण शंभर ग्रॅम पनीरला चाळीस रुपये पडतात आणि त्यात प्रोटीन साधारण १८ ग्रॅम, शंभर ग्रॅम मुगाला बारा-तेरा रुपये आणि त्यात साधारण २४ ग्रॅम. पनीरच्या प्रोटीनचा दर्जा चांगला असतो हे खरं, पण मुगाबरोबर तांदूळ किंवा भाकरी असली की डाळीत जे कमी ते धान्यातून भरून निघतं, म्हणजे आपली खिचडी, वरण-भात, उसळ-भाकरी ही जोडी उगाच पडलेली नाही. सोयाबीनच्या वड्या तर त्याहून स्वस्त, शंभर ग्रॅममागे पन्नासच्या आसपास प्रोटीन. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाकायच्या. पिळल्या नाहीत तर मुलं खात नाहीत, तो वास पाण्याबरोबर जायला हवा. गुरुवारी अंडाकरी असते, सहा अंडी, मुलांना दीड-दीड, आम्हा तिघांना एक-एक. शंभरला थोडी टेकते, पण मंगळवारी वाचलेले असतात त्यात भागतं.

भाजीचंही असंच. रविवारी आठवडे बाजारातून आणली की पालेभाजी सोमवार-मंगळवार संपवायची, दोडका-फ्लॉवर बुधवारपर्यंत, आणि भोपळा, कोबी, बटाटा शेवटाला. हे पाळायला लागल्यापासून कचऱ्यात जाणारी भाजी जवळजवळ बंद झाली. पूर्वी मेथीची अर्धी जुडी पिवळी होऊन टाकायचे, म्हणजे दहा रुपये सरळ टाकायचे.

इथे तुम्हाला दुसरी विनंती. तुम्ही मार्केटयार्डाचे भाव छापता, दहा किलोचे, आणि पालेभाजीचे शेकडा जुडीचे. शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना ते हवेतच, ते बंद करू नका. पण आम्हाला गल्लीत भाव पाव किलोने सांगतात. समजा पेपरात दोडका दहा किलोला चारशे, म्हणजे किलोला चाळीस, आणि गाडीवर वीसला पाव, म्हणजे ऐंशी. मधे हमाली, गाडीभाडं, खराब निघालेला माल हे सगळं असतं हे मला कळतं, गाडीवाला पण माझ्यासारखाच पोटासाठी उभा आहे. पण आठवड्यातून एकदा जरी चार-पाच ठिकाणच्या मंडईतले किरकोळ भाव पाव किलोने छापले, आणि सध्या कुठली भाजी स्वस्त आहे हे एका ओळीत सांगितलं, तर रविवारी पाच दिवसांचं लिहिताना त्याचा फार उपयोग होईल. अंड्यांचे भाव रोज जाहीर होतात तसंच.

महागाई आली की काय करायचं हेही लिहा, फक्त महागाई आली एवढंच नको. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरच्या वर गेला तेव्हा मी दहा रुपयांचे टोमॅटो मागितले तर भाजीवाल्या मावशींनी एक हातात ठेवला आणि त्यांनाच कसंतरी झालं. पहिल्या पानावर रोज टोमॅटोची बातमी होती. घरी सासूबाई म्हणाल्या, अगं आमच्या लहानपणी आमटीत टोमॅटो कुठे होता, चिंच-गूळ घाल. दोन महिने आम्ही आमटीला चिंच, उसळीला आमसूल आणि भाजीला थोडं आंबट दही यावर काढले आणि कुणाचं काही अडलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढलं आणि दिवाळीच्या तोंडावर तेल कडाडलं, तेव्हापासून मी महिन्याचं तेल एकाच कॅनमध्ये ओतून ठेवते आणि आठवड्याच्या खुणा केल्यात, खुणेच्या खाली गेलं की त्या आठवड्यात तळण नाही. आणि वाचकांना एक सांगा, पिशवीवरचं माप बघून घ्या, सगळ्या पिशव्या लिटरच्या नसतात, मी स्वतः लिटरची समजून कमी मापाची आणली आहे. अशी माहिती एका चौकटीत आली तर कापून फ्रीजवर लावणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील.

एक गोष्ट मात्र आवर्जून लिहा. या सदराचं नाव 'गृहिणींसाठी' ठेवू नका. आमच्याकडे ह्यांची सेकंड शिफ्ट असते तेव्हा सकाळी कुकर तेच लावून जातात, एकाच वेळी तीन डब्यांत डाळ, बटाटे आणि भात, म्हणजे संध्याकाळी मला फक्त फोडणी द्यायची राहते आणि गॅसही एकदाच जळतो. फक्त भात गार झाला की फ्रीजमध्ये ठेवायचा, बाहेर राहू द्यायचा नाही, हे सासूबाई बघतात. मी एकटीने हे सगळं करायचं म्हटलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात कॅलेंडर कोरं राहिलं असतं.

आणि मला माझ्या पाच-सहा पदार्थांच्या पलीकडचंही शिकायचं आहे. आमच्या शेजारच्या काकू मराठवाड्यातल्या, त्या येसर करून ठेवतात, भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, ऐनवेळी पाण्यात कालवून उकळलं की दहा मिनिटांत आमटी तयार. कोकणात कुळथाची पिठी आहे, विदर्भात पातोडी आहे, खानदेशात कळण्याची भाकरी. असं प्रत्येक भागात काटकसरीचं आणि पोटभरीचं काहीतरी असतंच. वाचकांकडून मागवा ना, अट एकच ठेवा, पाच माणसं, शंभर रुपये, एक तास, आणि हिशेब सोबत पाहिजे.

सुरुवात म्हणून या आठवड्याचं माझं कॅलेंडर देते. सोमवार मटकीची उसळ आणि भाकरी, मंगळवार चकोल्या, बुधवार उरलेल्या मटकीची मिसळ आणि पाव, गुरुवार अंडाकरी-भात. शुक्रवारी काहीच लिहिलेलं नाही, त्या दिवशी फ्रीज उघडून जे असेल त्याचं थालीपीठ होतं, सोबत ताक.

आपली,
एक वाचक,
हडपसर, पुणे